उजव्या गालातला खडा

"पटात शिरला! पटात शिरला गडी! वरच्यानं मानंवर घुटना ठेवला... सुटला! सुटला बघा! मागं गेला, ढाक मारली, आणि चित..."

'पट' म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातनं काहीतरी उडालं. माईकच्या जाळीवर टक्कन वाजलं. चारी भोंग्यातनं सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

खाली हलगी कडाडत हुती, फेटं उडत हुतं, जिंकलेल्या गड्याला पोरांनी खांद्यावर घेतलं हुतं, म्हणून लई जणांच्या ध्यानात आलं न्हाई. मी मात्र टेबलावर हात फिरवून शोधलं. घावलं. जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा, चहाच्या रंगाचा. जीभ लावून बघितली तर उजवीकडच्या सुळ्याच्या जागी नुसतं खिंडार.

दात दुखला असता तर गोष्ट येगळी. कवा दुखला न्हाई, सुजला न्हाई. बोलता बोलता गेला. भिंतीचा पोपडा पडावा तसा.

मी हिंदुराव खोत. कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलायचं माझं काम. दुपारी नारळ फुटला की बसायचं ते सूर्य बुडस्तवर. कोण कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, बापानं काय केलंतं, आज्यानं कुणाला पाडलंतं, आणि खाली मातीत आत्ता काय चाललंय, समदं तोंडावर. कागद कवा हातात धरला न्हाई. धरून तरी काय, मला वाचायला लई यळ लागतो. आणि दोन कुस्त्यांच्या मधी पोरास्नी चार शब्द सांगायचं. दूध प्या, जोर मारा, मावा सोडा. मावा म्हणजे सुपारी, चुना आणि तंबाखू घासून करत्यात त्यो. आमच्या भागात पोरं शाळंच्या दप्तरात घेऊन फिरत्यात.

तर मागच्या बाजूनं कुणीतरी आवाज टाकला, "हिंदुराव, मावा पडला काय तोंडातनं?"

हसली माणसं. मीबी हसलो. हसताना उरलेलं दात दिसलं असणार.

पुढच्या रांगेत दस्तगीर वस्ताद बसलं हुतं, ते हसलं न्हाईत. वस्तादांनी मला हातापायानं कुस्ती शिकवली, आणि खांदा निखळून कुस्ती सुटली तवा तोंडानं कुस्ती करायला लावली तीबी त्यांनीच. चुरगाळलेलं कान, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की कोपऱ्यातनं हळू बोललं तरी तालमीतली पोरं जागच्या जागी थांबायची. ते उठलं, माझ्या टेबलाजवळ आलं. माझ्या हातातला तुकडा बघितला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"उद्या तालमीत ये," म्हणालं, आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. पोरं जोर मारून अंघोळीला गेली हुती. वस्तादांनी मला खिडकीच्या उजेडात उभं केलं.

"तोंड उघड."

उघडलं. हनुवटीला धरून असं वर केलं, तसं केलं. बाजारात बैलाचं दात बघावं तसं.

"हे काय रं?"

"काय वस्ताद?"

"हिरडीजवळ समदं दात काळं. एक न्हाई, दोन न्हाई, समदं. कवापासनं खातुयास?"

"काय खातुय?"

"मावा."

मला आधी हसायलाच आलं. मग कळलं, ते हसायला म्हणून बोलत न्हाईत.

"वस्ताद, देवाशप्पथ. तंबाखूचा वास आला तरी मला शिंका येत्यात."

"मग दात कशानं गेलं? दूध पिऊन?"

ह्याला मी काय सांगणार? मलाच ठाऊक न्हाई.

आता तालमीचा एक कायदा तुमास्नी सांगतो. आमच्या तालमीत तंबाखू चालत न्हाई. कुणाच्या खिशात घावली आणि त्यानं कबूल केलं, तर वस्ताद आखाड्यातली माती त्याच्या हातात द्यायचं. ती कपाळाला लावून 'परत खाणार न्हाई' म्हणायचं, झालं, माफ. पण जो न्हाई म्हणून खोटं बोलला त्याला दार बंद. मग त्यो किती का मोठा गडी असंना.

"उरूस जवळ आलाय," वस्ताद म्हणालं. आमच्या गावच्या पीरसाहेबाच्या उरुसाचं मैदान आमची तालीमच भरवती. "तू माईकवरनं पोरास्नी मावा सोडा म्हणतोस, आणि तुझं तोंड हे असं. पोरं तुझं ऐकतील का तुझं दात बघतील? खरं काय ते बोल, मग त्या माईकला हात लाव. न्हाईतर दुसरा माणूस बघतो."

"वस्ताद, मी खरंच..."

"जा."

घरी आलो. आमची मंडळी, आक्काताई, भाकऱ्या थापत हुती. तिला सांगितलं. वाटलं, वस्तादांवर चिडंल. ती पीठ लागलेल्या हातानं उठली आणि खुंटीवरच्या माझ्या सदऱ्याचं खिसं तपासाया लागली.

"तूबी?"

"मी काय म्हटलं का? खिसं बघतीया नुसती."

सदऱ्यात बघितलं, बंडीत बघितलं, मैदानाच्या पिशवीत बघितलं. ट्रंक उघडली. समदीकडं एकच घावलं, खडीसाखर. ह्या खिशात पुडी, त्या खिशात पुडी, पिशवीच्या तळाला खडं. मैदानात घसा सुकला की उजव्या गालात एक खडा सरकवून ठेवायचा, हे वस्तादांनीच मला पहिल्या मैदानाला शिकवलंतं. पाणी प्यायचं न्हाई, पाण्यानं तापलेला आवाज फाटतो. खडा धरायचा, त्यो हळूहळू विरघळतो, तोंड ओलं राहतं. तालमीच्या थंडाईतली खडीसाखर, ती काय वाईट असती व्हय?

"मग दात गेलं कशानं?" आक्काताई म्हणाली. "माझं बघा." आणि तिनं दात दाखवलं. "रोज सकाळी मिसरी लावती मी. तंबाखू जाळून दाताला चोळती. एक दात हलला न्हाई माझा."

बघा आता. जी बाई तंबाखूनं दात घासती, तिचं दात मोत्यावानी. आणि ज्यानं तंबाखूला हात लावला न्हाई, त्याचं दात पोपड्यावानी. तिथनं माझं डोस्कं फिराया लागलं.

लिंबाची काडी चावली. मीठ लावलं, तुरटी लावली, लवंगंचं तेल लावलं. काय उपयोग न्हाई. एक दाढ भाकरी खाताना अर्धी मोडली. भाकरीचं तर इचारू नका. घास तोंडात घातला की वाळू घातल्यागत. आमटी वतायची, पाणी वतायचं, तवा कुठं घास खाली सरकायचा. सकाळी उठलो की जीभ टाळूला चिकटलेली, बोटानं सोडवावी का काय अशी. मी म्हणायचो, जलमभर बोललोय, तोंड सुकणारच. चाक फिरून फिरून झिजतं तसं. मग घरीबी एक खडा तोंडात टाकाया लागलो. सकाळी चहासंगं शिंकंची गोळी, मग खडा, मग भाकरी, मग खडा.

गावात बोलणं सुरू झालं हुतं. पानपट्टीवरनं गेलो की पोरं एकमेकाला कोपरं मारायची. एकानं तर पुडी पुढं केली. "घ्या काका, आता काय लपवायचं?" मी हात उगारला. मग खाली घेतला. मारून काय सिद्ध हुणार हुतं?

आणि खरं सांगू? एक दिस असा आला की माझाच माझ्यावरचा इश्वास उडाला. एवढी माणसं म्हणत्यात, वस्ताद म्हणत्यात. वस्ताद कवा चुकत न्हाईत. मग मीच कवातरी खात असंन आणि इसरत असंन. आक्काताईला इचारलं, "मी झोपंत उठून कुठं जातो का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. लाटणं खाली ठेवलं.

"उद्या तालुक्याला जायचं," म्हणाली. "दाताच्या डॉक्टरकडं. तुमचं दात ऱ्हाऊ द्या, डोस्कं जायला लागलंय."

दाताची डॉक्टर म्हणजे पोरगीच निघाली. चौगुले मॅडम. आमच्या पुतणीएवढी असंल. त्या आडव्या खुर्चीत मला निजवलं, वर दिवा लावला.

"काका, तंबाखू?"

"न्हाई."

"मावा, गुटखा, मिसरी?"

"मिसरी ही लावती."

"माझं काय मधीच?" आक्काताई म्हणाली. "दात ह्यांचं दाखवायला आलोय. माझं खणखणीत हाईत."

"बघू की तुमचेही," मॅडम उठल्या, आणि तिचा ओठ खाली ओढून आरशात तिलाच दाखवलं. "ह्या हिरड्या बघा मावशी. दात सोडून खाली चालल्यात. पांढरा डाग दिसतोय हा? मिसरीनं दात चकचकतात, पण तोंड आतनं खराब होतं. ती आजपासून बंद. आणि हा दात हलतोय का नाही, सांगा."

आक्काताईनं पदर तोंडाला लावला. लग्न झाल्यापासनं तिला अशी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

मग मॅडमनी त्यो लांब दांड्याचा बारका आरसा माझ्या तोंडात घातला, गालाला लावला, आणि काढाया गेल्या तर त्यो निघंना. गालाला चिकटून बसला. हळूच सोडवला तवा कातडं ओढल्यागत झालं.

"काका, तुमच्या तोंडात थुंकीच नाही."

"थुंकी कशाला पायजे? थुंकायला?"

"दात धुवायला." त्या माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. "आपण जे खातो ना, गोड म्हणा, भाकरी म्हणा, त्याचं तोंडात आंबट होतं. ते आंबट दात खातं. पण थुंकी दिवसभर ते धुऊन काढते, दाताला परत बळ देते. ओढ्याला पाणी वाहतं तोवर घाण वाहून जाते. पाणी आटलं की जिथल्या तिथं साचते. तुमचा ओढा आटलाय. म्हणून सगळे दात हिरडीजवळ एकदमच किडलेत. काही औषधं चालू आहेत?"

"एकबी न्हाई. बीपी न्हाई, शुगर न्हाई."

"आणि ती शिंकंची गोळी?" आक्काताई म्हणाली.

"ती काय औषध हाय व्हय? ती शिंकंची गोळी हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून घेता?"

"खांदा गेल्यापासनं म्हणा की. मातीत उतरायचं थांबलं, पण मातीच्या कडंला बसायचं सुरू झालं. धूळ उडती, मला शिंका येत्यात. माईकवर शिंकून कसं चालंल? कुस्ती ऐन रंगात आणि मी हाक्‌छी! म्हणून मेडिकलवाल्यानं दिली ती घेतो. रोज एक."

"डॉक्टरला न दाखवता? इतकी वर्षं?"

"चांगली हाय की गोळी. शिंक येत न्हाई."

"ती नाकातलं पाणी थांबवते काका. तोंडातलंही थांबवते. बरं, तोंड सुकलं की तुम्ही काय करता?"

"खडीसाखर चघळतो."

"कधी?"

"मैदान सुरू झाल्यापासनं संपस्तवर. आता घरीबी."

मॅडमनी माझ्या तोंडात परत एकदा डोकावलं.

"खडा उजव्या गालात ठेवता का?"

मी चमकलोच. उठून बसलो. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"डावीकडचे दात किडलेत. उजवीकडचे संपलेत." त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आधी गोळीनं तोंड वाळवलं, आणि त्या वाळलेल्या तोंडात तुम्ही दिवस दिवस साखर धरून बसलात. धुवायला काही नाही. पाणी तरी प्यायचं ना मैदानात!"

"पाणी न्हाई प्यायचं. आवाज फाटतो."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

माझं तोंड उघडंच हुतं. ते मी मिटलं.

"दस्तगीर वस्तादांनी," आक्काताई म्हणाली.

उजवीकडचं दोन दात त्याच दिवशी काढलं. बाकीच्यांत सिमेंट भरायला परत बोलावलं. खडीसाखर बंद, घोट घोट पाणी सारखं, आणि गोळीचं मोठ्या डॉक्टरला इचारून दुसरं काय निघतं का बघा म्हणाल्या. मी मान हलवत हुतो, पण माझं ध्यान त्यांच्याकडं नव्हतं.

एस्टी स्टँडवर बसलो. इंजेक्शननं अर्धं तोंड बधिर, गालात कापूस. आक्काताई पेटली हुती.

"आता चला तालमीत. सांगा त्यास्नी. म्हणावं, तुमच्या खडीसाखरंनं माझं तोंड खाल्लं आणि वर मलाच मावाखाऊ म्हणताय? साऱ्या गावात मान खाली घालाया लावली!"

मी हातानं न्हाई न्हाई केलं.

"का न्हाई?"

कापसातनं काय सांगणार? आणि कापूस नसता तरी काय सांगणार हुतो? तालमीत वस्तादांचा शब्द मागं फिरत न्हाई. वस्ताद म्हणालं डाव असा, की डाव तसाच. म्हाताऱ्या माणसाला जाऊन सांगायचं, वस्ताद, तुमच्या सांगण्यानं माझं दात गेलं? एक माझ्याच तोंडात त्यांनी खडा घातला असंल का? किती पोरास्नी सांगितलं असंल, किती जणांच्या गालात खडं असतील? आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरास्नी स्वतःच्या पोरागत जपणारा माणूस. ते ऐकून त्यो खाली बसंल.

आणि न्हाई सांगावं, तर माईक गेला. माईकचं एक ऱ्हाऊ द्या. त्यांच्या लेखी मी मावा खाणारा आणि वर खोटं बोलणारा. ते मला जमंना.

"तुमी बोलणार न्हाई?" आक्काताईनं परत इचारलं.

मी मान हलवली. न्हाई.

"बरं," ती म्हणाली.

लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तिच्या 'बरं'चा अर्थ मला कधी लगेच कळत न्हाई. त्या दिवशीबी कळला न्हाई.

तीन-चार दिस नुसता फिरलो. रानात गेलो, परत आलो. गोठ्यात बसलो, उठलो. आणि मग मला एक वाट घावली. लई सोपी. आधी कशी घावली न्हाई ह्याचंच नवल वाटलं. कबूल करायचं! मावा खाल्ला म्हणायचं. माती कपाळाला लावायची, परत खाणार न्हाई म्हणायचं. ते तर खरंच हाय, परत मी कशाला खातोय? वस्ताद माफ करतील. माईकबी ऱ्हाईल आणि वस्तादबी ऱ्हातील. खडीसाखरंचं नाव निघायचं कारण न्हाई. पोरास्नी म्या हळूच एकेकाला सांगितलं असतं, खडा चघळू नका म्हणून.

उरूस दोन दिसावर हुता. तालमीत गेलो तर वस्ताद एकटंच आखाड्यात उतरून माती कालवत हुतं. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी मळत हुतं. मान वर केली न्हाई.

"वस्ताद, कबूल करायला आलोय."

"कर."

"खाल्ला."

"काय?"

"मावा."

हात थांबलं न्हाईत. "कुठनं घेत हुतास?"

ह्याचा मी इचारच केला नव्हता. "तालुक्यासनं."

"कुठल्या टपरीवरनं?"

"स्टँडच्या... मागच्या."

"स्टँडच्या मागं नदी हाय."

"म्हणजे बाजूच्या."

"बरं. मावा कसा करत्यात सांग."

"सुपारी, तंबाखू, चुना."

"ते शाळंतलं पोरगंबी सांगंल. घासायचा कशात?"

मी हात पुढं करून दाखवलं. "तळहातावर. अंगठ्यानं."

आता वस्तादांनी मान वर केली. "ती तंबाखू झाली. मावा प्लॅस्टिकच्या कागदात घासत्यात. पोरांच्या खिशातनं काढून काढून मला ठाऊक झालंय. तुला ठाऊक न्हाई आणि तू म्हणं खातुयास!" आणि चिखलाचं हात झटकत म्हणालं, "आयला, हिंदुराव. तुला खाल्ल्याचं खोटंबी धड बोलता येत न्हाई."

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"तुझी मंडळी येऊन गेली सकाळी."

आमच्या तालमीत बाईमाणूस पाय टाकत न्हाई. आजवर कुणी टाकला न्हाई.

"आत आली?"

"आत कशाला यील? दारातनं ओरडली. बाहीर या म्हणाली. गेलो." ते परत माती मळाया लागलं. "दात काढलेलं कागदात बांधून आणलं हुतं तिनं. माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, हे तुमच्याकडनं आलंय, तुमच्याकडंच ठेवा."

मला तिचा राग यावा का न्हाई तेच कळंना. आत काहीतरी सैल झालं, आणि त्याच दमात लाजबी वाटली.

"खडा मीच सांगितला हुता?" वस्तादांनी इचारलं.

"व्हय."

"पाणी पिऊ नको म्हणूनबी?"

"व्हय वस्ताद. पण ती गोळीबी..."

"गोळीचं राहू दे. मला खोटं सांगायला का आलास?"

पायाच्या अंगठ्यानं कडंची माती उकरत उभा राह्यलो, पहिल्या दिवशी लंगोट घेऊन आलेल्या पोरागत.

"माझ्या वस्तादांनी मला सांगितलं," म्हातारा मातीकडं बघतच म्हणाला. "मी तुला सांगितलं. त्यास्नी कुणी सांगितलं असंल." मग लई यळ नुसती माती मळली. मळून झालेलीच परत मळली. "जा घरी."

"आणि वस्ताद, माईक?"

"जा म्हटलं ना."

त्या 'जा'मधनं काय समजायचं? माफ केलं का हाकललं? घरी येऊन आक्काताईला इचारलं. ती म्हणाली, "मला काय इचारता, मी दारातनं आले." उरुसाच्या आदल्या दिवशी कानावर आलं की मिरजेकडचा कोण बोलणारा ठरलाय. मग एकजण म्हणाला न्हाई, ठरला न्हाई. मला कुणी बोलवायला आलं न्हाई.

मैदानाच्या दिवशी जाऊ नये असंच ठरवलंतं. पण हलगीचा आवाज आला आणि पाय ऐकंनात. फेटा न बांधता गेलो आणि गर्दीत, पार कडंला, चिंचंखाली बसलो. माईक हातात आल्यापासनं पहिल्यांदा मैदान खालनं बघत हुतो. वर टेबल, टेबलावर माईक, मागं रिकामी खुर्ची. ती रिकामी का, कोण बसणार, शेजारच्यांस्नीबी ठाऊक नव्हतं. सारखं माझ्याकडं बघत हुतं.

नारळ फुटला. आणि वस्ताद वर चढलं.

वस्ताद जलमात माईकवर बोललं नव्हतं. त्यो भोंगा आपल्याला नको, म्हणायचं. त्यांनी माईक धरला तोबी लांब, काठी धरल्यागत. पहिलं दोन शब्द कुणाला ऐकूच आलं न्हाईत. कुणीतरी खालनं ओरडलं, "वस्ताद, तोंडाजवळ!"

"ऐका," वस्ताद म्हणालं. "मागच्या मैदानात हिंदुरावचा दात पडला. तवा तुमी हसला. मी हसलो न्हाई. मी त्याच्यापरास वाईट केलं. त्याला तालमीत बोलवून म्हणालो, तू मावा खातुयास. त्याच्या तोंडात तंबाखू कवा गेली न्हाई. खडीसाखर गेली. ती मी घातली. पाणी पिऊ नको म्हणून मी सांगितलं, आणि त्यानं ऐकलं. दात त्यानं गेलं. डॉक्टरनं सांगितलंय. तालमीतल्या पोरांनो, ज्याच्या गालात आत्ता खडा असंल त्यानं थुंका. आणि पाणी प्या." थांबलं. मिशीवरनं हात फिरवला. "मी चुकलो."

मैदान गार झालं. टाळ्या वाजवाव्यात का मान खाली घालावी, कुणालाच कळंना. पैलवानांच्या रांगेत दोघा-तिघांनी खरंच बाजूला थुंकलं. हलगीवाल्यानं काडी वर धरलेली ती तशीच वर. बाया बसल्या हुत्या त्या बाजूला आक्काताई दिसली, पदर दातात धरून.

वस्ताद वरच उभं. बोलून झालं हुतं, पण बोलणं संपवायचं कसं ते त्यास्नी ठाऊक नव्हतं. माईक असा बघितला, तसा बघितला. आणि मग, मातीत गडी उतरताना पुकारत्यात ना, गाव, वस्ताद आणि नाव, तेवढं एकच त्यास्नी येत हुतं, ते त्यांनी पुकारलं. ह्या वेळी माईक जवळ हुता. चारी भोंगं दणाणलं.

"ह्याच गावचा, दस्तगीर वस्तादाचा पठ्ठा, हिंदुराव खोत!"

आता कुठं हलगीवाल्याला कळंल असं काहीतरी ऐकू आलं. त्यानं काडी हाणली. मी चिंचंखालनं उठलो. माणसं आपोआप बाजूला झाली आणि वाट पडली.

माझं नाव मैदानात पुकारलं गेलं त्याला खांदा गेला तेवढी वर्षं झाली हुती. चालताना हात आपसूक खाली गेला. मातीला लागला, कपाळाला लागला. मग वर गेलो.